चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा?

धंतोलीची आई: काल आपल्या नागपूरच्या पालकांच्या गटात एकांनी लिहिलं, "आठवीपासून चित्रकला बंद करा, तो तास गणिताला द्या. पुढे उपयोग शून्य." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझा मुलगा सातवीत आहे. वर्गात तांब्या काढायचा होता. याने तोंड गोल काढलं आणि बूड सरळ रेघेत. सर रागावले नाहीत. त्यांनी तांब्या याच्या डोळ्यांसमोर धरला, मग हळूहळू खाली नेला. तोंडाची आधी रेघ दिसली, मग लांबट, मग गोल होत गेलं. घरी येऊन पोराने स्वयंपाकघरातली सगळी गंज-पातेली ओट्यावर मांडली आणि वाकून वाकून बघत बसला. हे बंद करायचं?

मूळ लिहिणारा: ते मीच लिहिलं. तुमचे सर चांगले निघाले, आमच्या नशिबी तसे नव्हते. चित्रकलेच्या नावाखाली रात्री दहाला सीताबर्डीत थर्माकोल शोधत फिरलोय मी. कापला आम्ही, मार्क पोरीला. त्यातून ती काय शिकली?

मानेवाडा: आणि ते वाढीव मार्क? इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीत 7, बी ला 5, सी ला 3. शेजारच्या पोराने तेवढ्यासाठीच क्लास लावला. दहावी झाली, रंगाची पेटी माळ्यावर.

निवृत्त कलाशिक्षक: मार्कांसाठी का होईना, पेपरात काय असतं ते तरी बघा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती. हो, भूमिती! घनाची पण. गणिताचा तास वाढवा म्हणणाऱ्यांना हे ठाऊकच नाही.

मानेवाडा: सर, भूमिती आहे म्हणून क्लासवाल्यांची फी कमी होत नाही न. ज्याच्या बापाकडे पैसा, त्याला सात मार्क. महापालिकेच्या शाळेतल्या पोराने काय करायचं?

निवृत्त कलाशिक्षक: त्याला शाळेतच शिकवणारा हवा, हेच तर म्हणतोय! शिक्षण हक्क कायदा 2009 चा. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, हवा, असं त्यात लिहिलंय. तुमच्या शाळेत आहे का, कधी विचारलं? मला तीस वर्षं निकाल लावायला आणि फलक रंगवायलाच बोलावलं. माझ्या तासाला बाकीचे शिक्षक अभ्यासक्रम पुरा करत.

चितारओळ: राजेहो, भांडता काऊन? आमच्या घरी तीन पिढ्या मूर्ती घडतात. मी गणिताच्या वहीत गणपतीचे डोळे काढले म्हणून मास्तरने वही फाडली होती. आज डोळ्यांची आखणी मीच करतो. शाळेने मला काहीच दिलं नाही. पण माझ्या पोरीला शाळेतल्या बाईंनी रंग मिसळून दाखवला. निळ्यात थोडा पिवळा टाकला तर कुठला हिरवा येतो, हे ती मला सांगते.

मूळ लिहिणारा: घरात कला असेल तर घरीच शिकेल. सगळ्यांवर लादता कशाला?

धंतोलीची आई: ज्याच्या घरात नाही त्याने कुठं जावं? चित्रकार सैयद हैदर रझा 1939 ला इथल्याच नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले होते. सगळे रझा होणार नाहीत, मान्य. पण गणिताच्या तासाने सगळे इंजिनिअर होतात का?

मूळ लिहिणारा: बरं, तास राहू द्या. थर्माकोल मात्र बंद करा. जे करायचं ते वर्गात, मुलांच्या हाताने. घरी काही पाठवायचं नाही.

निवृत्त कलाशिक्षक: एवढं लेखी द्या. पालकसभेत मी वाचून दाखवतो.