अनुभव धागा : विमानातल्या वरच्या कप्प्यावर हक्क कुणाचा?

आसनाचा क्रमांक तिकिटावर छापलेला असतो. डोक्यावरच्या कप्प्याला मात्र क्रमांक नसतो, आणि बहुतेक कुरबुरींचे मूळ तिथेच आहे. आपण काय पाहिले, काय केले आणि समोरच्याने काय करायला हवे होते असे आपल्याला वाटते, ते सविस्तर लिहावे. विमान कंपन्यांची नावे टाळावीत, कारण प्रश्न सहप्रवाशांच्या वागण्याचा आहे.

पुढच्या रांगेत बसणारी

ज्यांचे आसन पार मागे आहे, असे काही प्रवासी आत शिरताक्षणी पहिल्या रिकाम्या कप्प्यात बॅग ढकलतात आणि हात हलवत मागे निघून जातात. त्यामुळे माझी बॅग सात-आठ रांगा मागे ठेवावी लागते आणि उतरताना ती मिळवण्यासाठी उलट्या दिशेने जाणे अशक्य असल्याने, सगळे विमान रिकामे होईपर्यंत मला बसून राहावे लागते. कप्पा सामाईक आहे हे मान्य. पण स्वतःच्या रांगेपर्यंत बॅग ओढत नेण्याचे कष्ट वाचवण्यासाठी दुसऱ्याला खोळंबवणे हा निव्वळ आपमतलबीपणा आहे.

आपत्कालीन दाराशेजारचा

या रांगेत, आणि समोर भिंत असलेल्या पहिल्या रांगेतही, उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी काहीही ठेवू देत नाहीत. त्यामुळे माझी छोटी सॅकसुद्धा वरच जाते. "एवढीशी सॅक पायाशी ठेवा की!" असे सुनावणाऱ्यांनी आधी रांग पाहावी.

सतार शिकणारी

एका प्रवासात माझ्या बॅगेत सतारीचे सुटे भोपळे कपड्यांत गुंडाळून ठेवलेले होते. मी आसनावर बसून पट्टा लावत असताना एका गृहस्थांनी माझी बॅग बाहेर काढली, आडवी केली आणि तिच्यावर आपली जड बॅग दाबून बसवायला सुरुवात केली. मी उठून म्हटले, "काका, आत नाजूक वस्तू आहे." त्यावर ते म्हणाले, "मग ती मांडीवर घ्या, कप्पा काही तुमचा एकटीचा नाही." बोलणे तत्त्वतः खरेच होते, म्हणूनच अधिक झोंबले! शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने जे केले ते मला आदर्श वाटते. तिने माझ्या बॅगेला हात लावण्यापूर्वी विचारले, "ही जरा सरकवू का?" आणि मग स्वतःचे जाकीट काढून घेऊन तेवढ्या जागेत त्या गृहस्थांची बॅग बसवून दिली. दुसऱ्याचे सामान हलवायला हरकत नाही, पण मालकाला दाखवून, विचारून हलवावे.

नेहमी प्रवास करणारा

निम्मे भांडण बॅग चुकीच्या तऱ्हेने ठेवल्यामुळे होते. नव्या, खोल कप्प्यांत बॅगा पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या ठेवायच्या असतात. बोईंगच्या अशा कप्प्यात सहा बॅगा मावतात, तर आधीच्या रचनेत चारच मावत. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा चित्र असते, ते कुणी पाहत नाही. जाकिटे आणि दुकानातल्या पिशव्या मात्र सगळ्यांच्या बॅगा लागेपर्यंत हातातच धराव्यात.

कप्पे भरल्यावर चढलेली

जागा संपल्यावर कर्मचारी बॅग विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कक्षात पाठवतात. तेव्हा घाईत पॉवर बँक आत राहू देऊ नये, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या तिथे चालत नाहीत. वरच्या कप्प्यातही ती नजरेआड ठेवणे बरे नव्हे : जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात आग लागली, तिचे कारण पॉवर बँक असावी असा अंदाज तपासात निघाला आणि १ मार्चपासून तिथल्या विमान कंपन्यांनी पॉवर बँक वर ठेवणे बंद केले. औषधे, किल्ल्या आणि पासपोर्टही आधीच काढून घ्यावेत.

एकच छोटी बॅग नेणारा

माझे मत जरा वेगळे आहे. मी सामान मुद्दाम कमी नेतो, तरी "तुमची बॅग पायाशी ठेवा, आमच्या दोन वर बसतील" असे हक्काने सांगितले जाते. कुणाला उचलायला जमत नसेल तर मी आनंदाने हात लावीन, वृद्धांसाठी जागाही सोडीन. पण ज्यांनी नियमापेक्षा जास्त सामान आणले आहे, त्यांच्यासाठी मी प्रवासभर पाय दुमडून का बसावे, याचे उत्तर मला अद्याप कुणी दिलेले नाही.