सांता फे: पिरोजाचे दागिने घेताना

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे शहरात प्लाझाभोवतीच्या, म्हणजे मुख्य चौकाभोवतीच्या, दुकानांत पिरोजाचे दागिने अस्सल की नक्कल हे कळत नाही असं म्हणतात ते खरं, पण म्हणून खरेदीच टाळायला नको. १६१० च्या सुमारास बांधलेल्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या प्लाझावरच्या संग्रहालयाच्या ओसरीत मूलनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) कारागीर पथारी मांडून बसतात, ते संग्रहालयाच्या नियमांनी बांधलेले असतात: वस्तू स्वतः किंवा घरच्यांनी बनवलेली हवी, तिच्यावर कारागिराची खूण हवी. दागिना उलटा करून तो ठसा बघाच. पिरोजा नैसर्गिक, स्टॅबिलाइज्ड की 'ब्लॉक', हेही स्पष्ट विचारा. स्टॅबिलाइज्ड म्हणजे मऊ खड्यात रेझिन मुरवून तो टणक केलेला. सांगून विकला तर त्यात फसवणूक नाही. 'ब्लॉक' मात्र नुसतं रंगवलेलं रेझिन, त्याला खड्याचा भाव अजिबात देऊ नका.

लोरेटो चॅपलचा मधल्या खांबाशिवायचा गोल लाकडी जिना तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. तिकीट लागतं.