आईची छातीतली गाठ नऊ वर्षांनी परत, आणि साखर ३८!

शिरोळची लेक:
आई ६७ वर्षांची. २०१५ मध्ये डाव्या फुप्फुसाच्या आवरणावरची ११ सेंमीची गाठ काढली. रिपोर्टात 'सॉलिटरी फायब्रस ट्यूमर'. "कॅन्सर नाही, निर्धास्त राहा," म्हणाले. दोन वर्षं सीटी केले, मग आम्हीच ढिले पडलो.

गेल्या महिन्यात पहाटे भाकरीचं पीठ मळता मळता आई थांबली. हात परातीत तसेच, घामाने ब्लाउज चिंब, आणि मला मावशीच्या नावाने हाका. बाबांच्या मशीनवर साखर बघितली तर ३८. आईला मधुमेह नाही! साखर चघळायला दिली, थोड्या वेळाने विचारते, "चूल कुणी विझवली?" चुकून बाबांची गोळी घेतली असेल म्हणून पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर सीटी केला: त्याच बाजूला ७ सेंमी.

साधी गाठ परत येते कशी? आणि या वयात पुन्हा छाती उघडायची?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट:
ताई, 'साधी' या शब्दाने घात केला. ही गाठ दहा-पंधरा वर्षांनीही उगवते, देठ नसून बूड रुंद असेल तर जास्तच. म्हणून सीटी सोडायचा नसतो. साखर गाठच खाली ओढते: ती आयजीएफ-२ नावाचं द्रव्य सोडते, ते इन्शुलिनसारखं वागतं. १९३० मध्ये डोगे आणि पॉटर या दोघांनी या गाठी वेगवेगळ्या नोंदवल्या, साखरेच्या या प्रकाराला त्यांचंच नाव आहे. साखर उतरलेली असतानाच रक्त घेऊन इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) बघा. दोन्ही कमी येतील. २०१५ चे ब्लॉक, म्हणजे गाठीचे मेणात जपलेले तुकडे, मागवा, नव्या बायोप्सीशेजारी ठेवून पेशी किती वेगाने विभागतात ते ताडता येतं. कधी दुसऱ्या खेपेला गाठ स्वभाव बदलते. आणि शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

दोनदा कापलेला:
माझी अशीच गाठ २०११ आणि २०१९ मध्ये काढली. दुसऱ्यांदा फुप्फुस छातीला चिकटलेलं, ते सोडवण्यातच वेळ गेला. शिंक आली की उशी छातीशी आवळायची, महिनाभर. पण गाठ निघेल अशी असेल तर काढाच. वय नव्हे, फुप्फुसाची ताकद आणि हृदय बघतात.

शिरोळची लेक:
काका, ब्लॉक मिळाले! मेणाचे चौकोन, काडेपेटीपेक्षा लहान. आईने हातात घेऊन उलटसुलट बघितले. "एवढीशी? मला तर नारळाएवढी सांगितली होती." इन्शुलिन खरंच तळाला. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. तोवर रात्री तीनचा गजर, दूध-पोळी, आणि तिच्या शिव्या.