अनुभव धागा: घरच्या आल्याच्या बिअरमधला गाळ आणि नासाडी कशी कमी करता?

दोन-चार लिटरच्या घाण्यात बाटलीच्या तळाला दोन बोटं चिखल बसतो, ओतताना तो ढवळतो आणि शेवटचा ग्लास कुणीच घेत नाही. वर आल्याचा चोथा, लिंबाच्या साली, विरजणातलं (आलं, साखर, पाणी आंबवून केलेल्या मुरवणीतलं) जुनं आलं हे सगळं वेगळंच. कोकणातल्या हवेत, इथल्या पाण्यावर हे कमी कसं करता ते लिहा. मापं द्या, कारणं द्या. प्रस्तावना नको. माल्टची बिअर इथे नको, महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. आल्याच्या बिअरमध्येही थोडं अल्कोहोल होतंच, ते ध्यानात ठेवून लिहा.

खाडीकाठ, रत्नागिरी

आधी गाळ कसला आहे ते बघा. सगळे यीस्टला दोष देतात, पण निम्म्याहून जास्त गाळ आल्याच्या स्टार्चचा आणि बारीक तंतूंचा असतो, म्हणजे आपणच आत घातलेला.

चार लिटरचं माप: जून आलं २०० ग्रॅम, साखर ३२० ग्रॅम, गाळलेलं विरजण २५० मिली, लिंबाचा रस १०० मिली. आलं धुऊन खिसणीवर खिसा. मिक्सरला लावलं तर तंतू इतके बारीक होतात की कुठल्याही फडक्यातून जातात. खिसात २०० मिली गार पाणी घालून मलमलच्या दुहेरी फडक्यातून पिळा आणि रस उभट काचेच्या ग्लासात अर्धा-पाऊण तास हलवू नका. तळाला पांढरा घट्ट थर बसेल, तो स्टार्च. वरचा रस अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, शेवटचे तीन-चार चमचे तिथेच राहू द्या.

हे सगळं गार असतानाच करायचं. बहुतेक पाककृती खिसलेलं आलं थेट पाण्यात उकळायला सांगतात. साधारण ७० अंशांच्या पुढे स्टार्च फुगून खळीसारखा पाण्यात मिसळतो. मग तो तळाला बसत नाही, फडक्यात अडत नाही आणि फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलं तरी पेय दुधाळच राहतं. बिघडतं ते इथेच, पुढे काहीही केलं तरी ते सुधारत नाही.

म्हणून साखर एक लिटर पाण्यात उकळून विरघळवा, बाकीचं पाणी घालून ३० अंशांच्या खाली येऊ द्या आणि मग आल्याचा रस, लिंबू, विरजण कच्चंच घाला. उकळी लागली नाही की तिखटपणाही टिकतो. आल्यातला जिंजेरॉल शिजल्यावर सौम्य होतो, त्यामुळे उकळणाऱ्याला तेवढ्याच तिखटपणासाठी आलं जास्त लागतं, म्हणजे चोथाही जास्त.

सोलकढीवाली, मालवण

खाडीकाठदादा, तळाचा तो पांढरा थर टाकता की काय? भज्यांच्या पिठात घाला, चव येते आणि कुरकुरीतपणाही.

चोथ्याचं सांगते. पिळलेला चोथा दोन कप पाण्यात उकळला की दुसऱ्या दिवसाच्या चहाचं पाणी होतं. मग तो कडक उन्हात दोन दिवस वाळवून कुटला की चहाचा मसाला. आलेपाक करायचा असेल तर मात्र पहिल्या पिळणीनंतर लगेच करा, चोथ्याइतकाच गूळ घेऊन. दुसऱ्यांदा उकळलेल्या चोथ्यात फक्त दोरे उरतात, दातात अडकतात. पावसाळ्यात वाळवणाच्या भानगडीत पडू नका, दुपारपर्यंत बुरशी येते. त्या दिवसांत आमच्याकडे एकच नियम: "कचरो टाकू नको, माडाक घाल."

हीर, अलिबाग

दोन टप्प्यांत आंबवा, बाटलीतला गाळ निम्म्यावर येतो. पहिला टप्पा रुंद तोंडाच्या बरणीत, वर फडकं बांधून. मे महिन्यात १८ ते २४ तास, थंडीत दीड-दोन दिवस. या वेळात उरलेला स्टार्च, लिंबाचा गर आणि बरंचसं यीस्ट खाली बसतं. मग नळीने वरचं पाणी बाटल्यांत उतरवायचं.

नळी खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉनची घ्या, ८ मिमीची पुरते. बरणी ओट्यावर, बाटल्या जमिनीवर. नळीच्या आतल्या टोकाला माडाचा स्वच्छ धुतलेला हीर (झावळीच्या पात्यातली ताठ काडी) असा बांधा की तो टोकाच्या खाली तीन सेंटिमीटर येईल. हीर तळाला टेकतो आणि नळीचं तोंड गाळाच्या वर राहतं. सुरुवात तोंडाने ओढून करू नका, तोंडातले जंतू आत जातात आणि चार दिवसांत चव आंबटढाण होते. नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, बोटाने दाबून धरा, टोक खाली नेऊन सोडा.

बरणी आदल्या रात्रीच ओट्यावर ठेवा. उतरवायच्या वेळी उचललीत की दिवसभर बसलेला गाळ पुन्हा वर.

गोटीसोडा, देवगड

वायूचा हिशेब कुणी लिहिला नाही, आणि नासाडी सगळ्यात जास्त तिथेच होते.

यीस्टने लिटरमागे ४ ग्रॅम साखर खाल्ली की त्या लिटरभर पेयात साधारण एक लिटर वायू तयार होतो. चांगल्या फसफसण्याला तिप्पट वायू पुरतो, म्हणजे १२ ग्रॅम साखर. बाटलीत घातलेली असते ८० ग्रॅम. ती सगळी आंबली तर वीसपट वायू होईल, तो दाब साधी काच सोसत नाही. १२ ग्रॅमला अल्कोहोल पाऊण टक्क्याच्या आसपास जातं, पुढे आंबू दिलं तर वाढत जातं. त्यामुळे मुलांना देऊ नका.

म्हणून सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्याच वापरा. वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा, बाटली दाबून बघत राहा, दगडासारखी झाली की ताबडतोब फ्रिजमध्ये. ३१-३२ अंशांना बंद बाटलीला १२ ते २४ तास पुरतात. काचेच्याच भरायच्या असतील तर त्याच घाण्यातली एक छोटी प्लास्टिकची बाटली सोबत भरा, तिच्यावरून अंदाज येतो.

दाब जास्त झालेली बाटली उघडली की खालचा वायू बुडबुडे होऊन वर धावतो आणि तळाचा सगळा गाळ सोबत घेऊन येतो. निम्मं फरशीवर आणि निम्मं गढूळ. बाटली फ्रिजमध्ये किमान ३६ तास उभी ठेवली असेल तर असं क्वचितच होतं, थंड पेयात वायू जास्त विरघळून राहतो.

(गोटीच्या बाटल्या दिसायला छान म्हणून कुणी मागवू नका. हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ती रचना कारखान्यात भरण्यासाठी आहे. अरुंद गळ्यातून ब्रश आत जात नाही, आणि गाळ धुता आला नाही तर घरी तिचा उपयोग शून्य.)

तिरफळ, कुडाळ

गूळ वापरणाऱ्यांसाठी. गुळातली मळी हा तिसरा गाळ. गूळ दुप्पट पाण्यात विरघळवून एक उकळी आणा, वरचा फेस झाऱ्याने काढा, गरम असतानाच दुहेरी फडक्यातून गाळा आणि तासभर स्थिर ठेवून वरचाच पाक घ्या. गुऱ्हाळात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतात, तसं इथे करू नका. तो चिकटपणा पाकात राहिला तर पेय तार धरतं.

इतकं करूनही गुळाची बिअर साखरेसारखी नितळ होत नाही. माझं मत विचाराल तर अर्धा गूळ, अर्धी साखर. रंग येतो, वास येतो, गाळ आटोक्यात राहतो.

आगर, गुहागर

लिंबाऐवजी कोकम घालणाऱ्यांनी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरू नये. त्यात मीठ इतकं असतं की यीस्ट मंदावतं, बाटली दोन दिवस नुसती बसून राहते. बिनमिठाची वाळलेली सालं घ्या, लिटरला चार-पाच, कोमट पाण्यात तासभर भिजवून पाणी गाळून घ्या. रातांब्याच्या दिवसांत ताजी फळं असतील तर फक्त साल घ्यायची. आतला पांढरा गर बुळबुळीत असतो, तो फडकंही तुंबवतो आणि बाटलीत ढगासारखा तरंगतो. बिया वाळवून ठेवा, मुठेल (या बियांचं घट्ट तेल) करणारं घर शेजारीपाजारी असतंच.

अबोली, वेंगुर्ला

विरजणाची नासाडी कुणाला दिसत नाही का? लिटरभर विरजण पोसायचं आणि त्यातलं पाव लिटर वापरायचं, बाकी मोरीत! लिटरमागे ६० मिली पुरतं. दोन लिटर करायची तर विरजण २०० मिलीच ठेवा: पाणी २०० मिली, सालीसकट खिसलेलं आलं आणि साखर रोज एकेक मोठा चमचा. साल काढू नका, यीस्ट तिथेच असतं. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी फेस धरतं. वापरून झालं की जुनं आलं गाळून काढा, उरलेलं फ्रिजमध्ये, आठवड्याला एक चमचा साखर.

बाटलीच्या तळाचा गाळ आंबोळीच्या पिठात घाला. चार वाट्या पिठाला अर्धी वाटी. पीठ तीन-चार तासांत फुगतं, सकाळी भिजवून दुपारी आंबोळ्या. पुढच्या घाण्यालाही हाच गाळ विरजण म्हणून चालतो, लिटरला ५० मिली, पण एकदाच. पुन्हा पुन्हा तोच फिरवला की आंबटपणा वाढत जातो.

खाडीकाठ, रत्नागिरी

अबोलीताई, विरजणात यीस्ट एकटं नसतं, जिवाणूही असतात, म्हणून तो आंबटपणा. इंग्लंडमध्ये आल्याच्या बिअरसाठी दाणेदार विरजण वापरत, त्याचा अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात असं त्यांना आढळलं. आपलं विरजण ते नव्हे, पण तत्त्व तेच.

सोलकढीवाली, मालवण

जिलेटिन घालून नितळ करायचं कुणी वाचलं असेल तर शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगा. खरं तर गरजच नाही. ४ अंशांना दोन दिवस उभी ठेवलेली बाटली तेवढीच नितळ होते. फ्रिजच्या दारात मात्र ठेवू नका, दर उघडझापीला गाळ हलतो. मागच्या फळीवर, उभी. आडवी ठेवलीत तर गाळ कुशीला बसतो आणि ओतताना सगळा येतो. बाटलीतली सगळी बिअर एका दमात मोठ्या जगमध्ये ओता. ग्लासाग्लासाला बाटली सरळ करत गेलात की प्रत्येक वेळी तळ ढवळतो.

हीर, अलिबाग

वीज गेली तर? पावसाळ्यात आमच्याकडे सहा-सात तास सहज जाते.

गोटीसोडा, देवगड

फ्रिज उघडू नका, साधारण चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त गेली तर प्लास्टिकच्या बाटल्या दाबून बघा. कडक झालेल्यांची झाकणं उभ्यानेच, अर्धा फेरा, फुस्स होईपर्यंत सैल करून पुन्हा बंद करा. झटक्यात उघडलीत तर गाळ वर.

आगर, गुहागर

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची, क्लोरीनची) टाकतात, त्या पाण्यात विरजण मरतं आणि लोक आल्याला शिव्या देतात. पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं घेऊन १५ मिनिटं झाकण न ठेवता उकळा, गार करून मग वापरा. आणि बाटल्या रिकाम्या झाल्या की त्याच वेळी विसळा. वाळलेलं यीस्टचं कडं धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवल्याशिवाय निघत नाही. ते राहिलं तर पुढच्या वेळी बुडबुडे तिथूनच सुटतात आणि बाटली उघडताच उतू जाते. प्लास्टिकला उकळतं पाणी घालू नका, आकसते. विसळलेलं पाणी माडाच्या आळ्यात, सोड्याचं मात्र मोरीत.