परदेशी कंपनी चिप फॅक्टरी काढते, मग सरकार पैसे का देतं?

प्रश्न: तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीने जपानमधे कुमामोतोला फॅब (चिप फॅक्टरी) काढली, अमेरिकेत ॲरिझोनातही, पण दोन्हीकडे सरकारच सबसिडी देतंय, मग ही कसली परदेशी गुंतवणूक?

प्रतिसाद १: अहो चिपवर सूक्ष्म नक्षी छापणारं एकेक ईयूव्ही मशीनच १० कोटी डॉलरच्या वर जातं, शिवाय अतिशुद्ध पाणी, अखंड वीज, सबसिडी नसेल तर कोण येतंय!

प्रतिसाद २: नुसत्या पैशाने होत नाही पण. कुमामोतोत बांधकाम २०२२ ला सुरू आणि फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटनसुद्धा, सोनी आणि गाड्यांचे भाग बनवणारी डेन्सो भागीदार, म्हणजे गिऱ्हाईक आधीच घरात. ॲरिझोनाची घोषणा २०२० ची, पण कुशल कामगार मिळेनात म्हणून रखडलं.

प्रश्नकर्ता: टेक्नॉलॉजी तरी देतात का?

प्रतिसाद २: लेटेस्ट आधी तैवानातच, कुमामोतोच्या पहिल्या फॅबला २८ ते १२ नॅनोमीटर, म्हणजे जुन्या पिढीची (आकडा जितका लहान तितकी टेक्नॉलॉजी नवी). हुशार आहेत ना ते :)