तंबोरा सांगलीहून नागपूरला पाठवायचाय, पार्सलच्या मापात कसा बसवू?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, जरा अडलोय.

आत्याचा तंबोरा आहे, मिरजेत करवून घेतलेला. आत्याला आता खाली बसता येत नाही, वाद्य कोपऱ्यात गवसणीत उभं असतं. नागपूरला माझी भाची गाणं शिकते, तर आत्याचा हुकूम झाला की तंबोरा तिच्याकडे गेला पाहिजे. दसऱ्याच्या आत.

स्पीड पोस्टची मर्यादा पाहिली. वजन ३५ किलोपर्यंत, कुठलीही एक बाजू १५० सेंटिमीटरपर्यंत, आणि लांबी अधिक घेर मिळून ३०० सेंटिमीटर. आमच्या तंबोऱ्याचा घेर ४८ इंच, म्हणजे १२२ सेंमी. लांबी १३७. बेरीज २५९. म्हटलं, आरामात बसतोय! लगेच ओळखीच्या सुताराकडून प्लायवुडची पेटी करून घेतली. सुतार हौशी, म्हणाला तंबोऱ्याच्या तळाच्या भोपळ्याला चहूबाजूंनी गादी पाहिजे. पेटी झाली १५२ × ५२ × ४८. तंबोऱ्यासकट वजन १८ किलो.

आता १५२ म्हणजे दोन सेंमी जास्त, पोस्टात कशाला वाद घाला म्हणून आधी एका खाजगी कुरियरवाल्याकडे गेलो. त्याने टेप लावली, कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणाला, "काका, ७६ किलोचे पैसे पडतील." मी म्हटलं, काट्यावर तर ठेव! तर म्हणे काट्याचा संबंध नाही.

हे काय गौडबंगाल आहे? आणि पेटी थोडी कापून घेतली तर पोस्टात चालेल का?

हळद_आणि_कुरड्या

गौडबंगाल नाही हो, त्याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकाराला ५००० ने भागायचं. येईल ते किलो. हे वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. तुमचे १५२ × ५२ × ४८ भागिले ५००० म्हणजे ७५.९. पोराने बरोबर सांगितलं, फक्त समजावून सांगितलं नाही.

मी सांगलीतून हळद पाठवते आणि उन्हाळ्यात कुरड्या. हळदीच्या पिशवीला हा प्रश्न कधी येत नाही, ती मुळातच जड. कुरड्यांचा मात्र ४० × ४० × ४० चा खोका भरला तर आत माल जेमतेम चार किलो आणि पैसे १२.८ किलोचे. पहिल्या वर्षी सगळा नफा त्यात गेला. गाडीत जागा अडते ती खोक्याने, वजनाने नाही, असा त्यांचा हिशोब. तुमचा तंबोरा म्हणजे एक मोठी कुरडईच समजा. (आत्यांना सांगू नका.)

कृष्णाकाठ

विश्रामबागकर, तुमची खरी चूक दुसरीकडे आहे. तुम्ही दोन वेगळे घेर एक समजलात.

मिरजेत तंबोऱ्याचं माप घेरावर सांगतात, ४८ इंची, ५४ इंची वगैरे. तो भोपळ्याचा घेर. पोस्टाचा घेर म्हणजे खोक्याचा, लांबीच्या आडवा टेप फिरवून येतो तो. पोस्ट खोका मोजतं, भोपळा नाही. तुमच्या पेटीचा घेर ५२ + ४८ + ५२ + ४८ = २००. त्यात लांबी १५२. झाले ३५२. दोन सेंमीची नाही, बावन्न सेंमीची गोष्ट आहे.

गोल वस्तू चौकोनी पेटीत घातली की चारही कोपरे हवेचे. त्यातही तंबोऱ्याची दांडी सडपातळ, म्हणजे अर्ध्याहून जास्त पेटीत चिंध्याच. पण माप धरतात ते सगळ्यात रुंद ठिकाणचं.

विश्रामबागकर

अरे देवा. घेर म्हणजे घेर असं धरून चाललो होतो. मिरजेजवळ राहण्याचा तोटा!

बरं, मग पेटी नव्याने केली तर? भोपळ्याचा व्यास साधारण ३९ सेंमी. तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, बसवायला भोपळा पुढून कापलेला असतो, त्यामुळे खोली कमी, मोजली तर २९ भरली.

कृष्णाकाठ

करून बघू. १४२ × ४४ × ३४. घेर १५६, लांबी धरून २९८. कागदावर बसला.

पण प्लायची जाडी वजा करा. रुंदीत भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना गादीला दीडेक सेंमी उरतात, लांबीतही तेवढेच. आणि एवढं करून व्हॉल्यूमेट्रिक ४२.५ किलो. म्हणजे पैसे जड माणसाचे आणि गादी हलक्या माणसाची. वाळलेला भोपळा आहे, एकदा तडकला की मिरजेला परत आणावा लागेल. मी असतो तर नसता पाठवला.

साथीला_बसतो

मी कार्यक्रमांना तंबोऱ्यावर साथ करतो, वाद्यं घेऊन बराच हिंडलोय. पोस्ट-कुरियर डोक्यातून काढा. सांगलीहून नागपूरला थेट गाडी आहे की, कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस. कुणीतरी बरोबर घेऊन जा.

नियम सांगतो. स्लीपरला ४० किलो सामान फुकट, त्यामुळे वजनाची चिंता नाही. पण डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंमी. तुमची पेटी त्यात बसत नाही, ती रीतसर बुक करून सामानाच्या डब्यात टाकावी लागते. आम्ही पेटी नेतच नाही. जाड गवसणी, भोपळ्याभोवती गोधडी, आणि वरचा बर्थ तंबोऱ्याचा. माणूस रात्रभर खाली. टीसी कधी हटकतो, कधी "कुठं कार्यक्रम?" विचारून पुढे जातो. हटकलं तर सामानाची पावती फाडायची तयारी ठेवा, हुज्जत घालू नका.

निघण्याआधी तारा ढिल्या करा. पूर्ण काढू नका, नुसता ताण उतरवा. घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, काढून वेगळी ठेवा, नाहीतर घोडी सरकून तबलीवर चरे पडतात. घोडी कुणालाही "साफ करतो" म्हणून घासू देऊ नका, जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, गेली तर आत्या तुम्हाला घरात घेणार नाहीत.

मी_मिरजेचा

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवणारे बरेच आहेत, तिथं ५००० चा भागाकार नाही, बघून भाव सांगतात. पण वर कुणाची बॅग पडेल ते सांगता येत नाही आणि पावती मागितली तर तोंड बघत बसतात. एवढ्या जुन्या वाद्याला नको.

न्यायला माणूसच नसेल तर सतारमेकर गल्लीत या. फरीदसाहेब शिकलगारांपासून, म्हणजे १८५० च्या आसपासपासून हेच काम चाललंय, वाद्यं देशभर जातात. पेटी कशी भरायची आणि कुठल्या ट्रान्सपोर्टला द्यायची ते इथल्या कारागिरांना तोंडपाठ. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण टेप लावणाऱ्याला त्याचं काय कौतुक! आणि आलाच आहात तर पाठवण्याआधी एकदा दाखवून घ्या. इतकी वर्षं उभा आहे, तारा ताणायच्या खुंट्या सैल झाल्या असतील.

हळद_आणि_कुरड्या

केलेल्या पेटीचं काय करणार? विकायची असेल तर मला सांगा. कुरड्या ठेवायला.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो.

मिरजेला जाऊन आलो. दोन खुंट्या खरंच सैल होत्या, बसवून घेतल्या. तंबोरा मेहुण्यांबरोबर जाईल, ते नवरात्रात इकडे येतायत, परतीची दोन तिकिटं काढली आहेत. दुसरं तंबोऱ्याचं नाही, बहिणीचं आहे, पण वरचा बर्थ मागितलाय.

घोडी आणि जादा तारांची गुंडाळी मात्र आजच वेगळी पाठवली. कारागिराने सांगितलं तशी घोडी कापसात गुंडाळली आणि जुन्या डब्यात बसवली. मी काउंटरवर "रजिस्टर करा" म्हणालो, तर कळलं की रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. खोका २२ × १५ × १०. भागाकार घरूनच करून गेलो होतो, ०.६६ किलो. काट्यावर भरलं ७०० ग्रॅम. या वेळी काटा जिंकला.

पेटी अंगणात पडली आहे. कुरडईवाल्या ताई, घेऊन जा, पैसे नकोत. फक्त टेम्पो तुमचा.