कोल्हापुरातल्या जयंती नाल्याच्या काठाच्या नकाशावर बाकडी रेखाटून शहर कळतं का?

नकाशेवाला: आर्किटेक्चर कॉलेजात अर्बन डिझाइनच्या (शहराच्या मोकळ्या जागा, रस्ते आखायच्या विषयाच्या) ज्युरीला, म्हणजे पोरांची कामं तपासायला गेलो होतो, चौथ्या वर्षाची पोरं, विषय जयंती नाल्याचा काठ. सगळ्या शीट्सवर फरशी, बाकडी, सायकल ट्रॅक. निळी पूररेषा, जिच्या आत इमारत चालत नाही, ती कुठनं जाते एकालाही सांगता आलं नाही. हीच पोरं ऑफिसात आली की त्यांना मार्जिन (इमारतीभोवती सोडायची जागा) माहीत नसतं, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालतं ते) काढता येत नाही. हा विषय बंद करा आणि ते तास युडीसीपीआरला, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीला द्या.

खासबागकरीण: सर, मी हाच विषय शिकवते म्हणून सविस्तर लिहिते. युडीसीपीआर २०२० ला आलं, त्यात दुरुस्त्या चालूच आहेत, ते ऑफिसात बसून शिकता येतं. पण तुमचा परवानगीचा नकाशा कंपाउंडच्या भिंतीला संपतो, भिंतीबाहेरचा फुटपाथ, गटार, फेरीवाला, गाडी लावायला जागा शोधणारा माणूस यांचा नकाशा कोण काढतं? शुक्रवारी महाद्वार रोडवर उभं राहून बघा. मी पोरांना खासबागेच्या कुस्ती मैदानात नेऊन त्याचा सेक्शन (उभा छेद) काढायला लावते. शाहू महाराजांनी १९१२ ला बशीसारखं खोलगट मैदान केलं, मागच्या माणसालाही कुस्ती दिसते, आणि पाठीला पाठ लावून १९१५ चं नाट्यगृह. ही अक्कल नियमाच्या पुस्तकातनं येत नाही.

कुंभारगल्ली: मॅडम खासबाग ऱ्हाऊ दे, नाल्याचं बोला. २०१९ च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३. गणपतीच्या तोंडावर आमच्या मूर्ती घरात भिजून चिखल झाल्या, वर्षाची कमाई गेली, २०२१ ला परत तेच. आणि वरच्या अंगाला मुरूम टाकून भराव घालायलेत, पाणी जाणार कुठं? नकाशेवाले, त्या भरावावरच्या बिल्डिंगांच्या नकाशांवर सह्या कुणाच्या असतात?

नकाशेवाला: माझी नाही. तोंड सांभाळून बोला. परवानगी असल्याशिवाय मी काम घेत नाही, पूररेषेतली कामं सोडून दिल्यात, तुम्हाला काय माहिती?

कुंभारगल्ली: सगळे हेच सांगत्यात. मग भराव काय आभाळातनं पडला?

पेठेतला: मूळ दुखणं रखडलेली हद्दवाढ आहे, आजूबाजूची गावं शहरात घेतलीच नाहीत. १९७२ ला महापालिका झाली, हद्द तेवढीच, मग माणसं नदीकडं आणि नाल्याकडंच सरकणार ना. २०१७ ला ४२ गावांचं विकास प्राधिकरण केलं, त्यानं काय हाललं?

पाचगावकर: भावा, हद्दवाढ म्हणजे आम्हाला शहराचा घरफाळा आणि शहराचाच कचरा. आमच्या गल्लीतली गटार आम्ही भांडून करून घेतली. आधी आहे ते शहर नीट चालवा मग गावं मागा.

पेठेतला: शहराच्या रस्त्यावर रोज गाडी घालतोस, नोकरी शहरात, पोरं शहरातल्या शाळेत, फाळा मात्र नको! हे लई झालं.

पाचगावकर: पेट्रोल तुझ्या खिशातलं नाही. आणि बाजाराला आम्ही आलो नाही तर तुझ्या पेठेतली दुकानं कुणाच्या जिवावर चालतील?

खासबागकरीण: हद्दीवर वेगळं भांडा. कुंभारगल्ली, तुमचं म्हणणं हाच माझा मुद्दा आहे. निळ्या रेषेच्या आत इमारत चालत नाही, बाग-मैदान चालतं. मग ते मैदान पाणी आल्यावर कसं वागेल, ओसरल्यावर गाळ कोण काढेल, कडेच्या भिंतीनं पाणी तुमच्या दारात ढकललं तर काय, हे प्लॉटपुरतं बघणाऱ्याला दिसणारच नाही. त्यासाठीच हा विषय लागतो.

नकाशेवाला: एवढं मानतो. पण मग शीटवर ते दिसू दे की! मी बघितलं त्यात पाणी कायम गुडघ्याखाली आणि निळंशार. पहिल्या आठवड्यात पोरांना जमिनीची उंची मोजायचं लेव्हल मशीन द्या, नाल्याचा तळ, रस्ता आणि घराचा उंबरा, तिन्ही लेव्हल घेऊन आल्याशिवाय बाकडं काढू द्यायचं नाही. हे करणार असाल तर मशीन माझ्या ऑफिसातनं देतो, विषय बंद करा म्हणणार नाही.

खासबागकरीण: चालेल. तुम्हीही लेव्हल घेताना यायचं, नुसतं ज्युरीला नाही.

कुंभारगल्ली: उंबरा आमचा घ्या. २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर अजून हाय, पुसू दिलेली नाही.